थोरल्या जवायाचा लगाम

आधी रीत सांगतो, मंग गोष्ट. माह्या सासऱ्याले, राजेगावच्या डोमाजी पटलाले, दोन पोरी अन् एकच पोरगा. थोरली सत्यभामा मले देली, धाकटी उमा मधुकरले. त्या घरची जुनी रीत अशी, का पोराची वरात निघाली म्हंजे घोड्याचा लगाम थोरल्या जवायाच्या हाती. दुसऱ्या कोनी त्याले बोट लावायचं नाही. मंडपापाशी पोचलं का सासरा साऱ्यायसमोर जवायाच्या डोक्यावर पागोटं बांधते, खांद्यावर शेला टाकते अन् हात जोडते.

आता पाहा. साळा एक, म्हंजे वरात एक, अन् लगाम बी एकच. वसंता, माहा साळा, नाक पुसाले शिकला नव्हता तवापासून मी त्या लगामाची वाट पाहून राह्यलो होतो. अन् तोच माह्या हातून काढाले एक फटफटी आली, तेही इटलीहून.

मी प्रेमलाल. बालाघाटले टेशनच्या रस्त्यावर माहं सायकलचं दुकान. जवानीत शर्यतीत पडलो, तवापासून डावा गुडघा नीट वाकत नाही, म्हून चालनं जरा संथ. पन चाकाचा बाक काढन्यात बालाघाटात माहा हात कोनी धरत नाही. सासरी गेलो का मी चाकाच्या, चेनीच्या गोष्टी सांगाव्या अन् पटलानं हुक्का बाजूले ठेवून ऐकाव्या. लय छान चाललं होतं. मंग उमेचं लग्न झालं.

मधुकर उकव्याच्या मॅंगनीज खदानीत फिटर. बोलनं कमी, हासनं जास्त. मले असा मानूस पयल्यापासून पटत नाही. जो भांडत नाही त्याले धरावं तरी कुठून? साडभाऊ म्हनून मी दोन शब्द सांगावे, तर 'हौ भाऊ' म्हने अन् आपल्याले पाहिजे तेच करे.

एका होळीच्या सुमाराले त्यानं जबलपूरच्या भंगारातून ती गाडी ट्रकवर घालून आनली. उकव्याले जाता जाता माह्या दुकानापुढं ट्रक थांबवला अन् मले म्हने, "भाऊ, पाहा बरं."

मी पायलं. लढाईच्या टायमाची इटलीची फटफटी, गुझी नावाची. कोन्या पलटनीनं तिकडं धरली अन् इकडं आनून टाकली. बाकी फटफटीचं इंजिन उभं असते, हिचं आडवं, जेवून लवंडलेल्या मानसावानी. डाव्या अंगाले थाळीएवढं लोखंडी चाक, उघडंच. इंजिन चालू झालं का ते गरगर फिरते म्हने. सारं गंजलेलं, टाकीत गांधीलमाशीनं घर केलेलं.

दुकानात गिऱ्हाईक बसले होते. चार लोकांत मानूस जरा जास्तच बोलते. मी म्हनलं, "मधुकर, हे चाललं तर मी मिशी उतरवतो."

सारे हासले. मधुकरही हासला अन् ट्रकवर चढला.

होळीले ट्रकवर गेलेली गाडी भाऊबिजेले आपल्या चाकावर राजेगावले आली. आमी बालाघाटहून बसनं गेलतो. स्टँडवर उतरलो, मी पेटी डोक्यावर घेतली, सत्यभामानं गाठोडं. कोनी सामोरं आलं नाही. घरापाशी पोचलो तर आंगनात सारं गाव जमलेलं अन् मधात ती गुझी, लाल रंगाची, चकचकीत. ठिनगी पाडनाऱ्या मॅग्नेटोची तार मधुकरनं स्वतः गुंडाळली होती, कारबोरेटर दुसऱ्या गाडीचा बसवला होता, अन् मागचा मडगार्ड तर पानी तापवायच्या बंबाच्या पत्र्याचा. गोदाबाई, माही सासू, भाकरीचा तुकडा घेऊन धावत आली. मले वाटलं उमेवरून ओवाळते. तिनं तो गाडीवरून ओवाळला.

"जवाईबापू," पटील मले म्हने, "पाहा तुमच्या साडभावाची करामत." मी पेटी डोक्यावर घेऊन उभा होतो. खरं सांगतो, त्या येळेले कोनी माह्या पोटाले हात लावला असता तर फोड आला असता.

मिशीची आठवन मले कोनीच देली नाही. मधुकरनं तर नाहीच. त्यानं एक टोमना मारला असता तर मी भांडलो असतो, दोन शब्द इकडचे तिकडचे झाले असते अन् पोट मोकळं झालं असतं. पन तो माह्या मिशीकडं पाहे बी नाही. वरून म्हने, "भाऊ, चेन जरा वाजते, तुमी पाहता का?" मी म्हनलं, माहा गुडघा दुखून राह्यला.

मंग दर सनाले त्या गाडीत काही ना काही नवं. संक्रांतीले मोठा दिवा. पाडव्याले उमेसाठी रुंद शीट. पोळ्याले आवाजच बदललेला, जाड, घुमनारा, का बैलायनं कान टवकारले. मी हरेकदा खोड काढाले म्हनून वाकून पाहे अन् हरेकदा मले आवडूनच जाय. ते दुखनं कोनाले सांगावं?

दोन वर्षानं वसंताचं लग्न जुळलं, किरनापूरची पोरगी. बोलनी करून आलो अन् राती सारे पंगतीले बसलो. वसंता वरनात हात घालून म्हने, "बाबा, मी घोड्यावर नाही बसत. मी मधू भाऊजीच्या गुझीवर बसून येतो."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. पटलानं माह्याकडं पायलं, मंग पोराकडं. एकुलता पोरगा. म्हने, "शौक हाय तर हाय. लगामाचं पाहू काही तरी."

पाहू म्हंजे काय? फटफटीले लगाम असते का? तवा मधुकरनंच तोंड उघडलं. "ते नाही जमत, वसंता. गाडी लय तेज हाय. वरातीच्या चालीनं नाही चालत. बँडवाल्यायच्या अंगावर जाईन."

पयल्यांदा मले त्याचं बोलनं गोड लागलं. पन वसंता आयकते का? "तुमी काय नाही करू शकत भाऊजी? करा काही तरी."

मधुकरनं एक डाव माह्याकडं पायलं अन् म्हने, "पाहतो."

ते पाहनं माह्या डोळ्यासमोरून हटे ना. घरी आल्यावर सत्यभामा म्हने, "तुमी जळून राह्यले."

"मी? त्या भंगारावर?"

"ज्याचं जळते त्याले कळते म्हनतेत. मले तर धूर बी दिसून राह्यला."

"तुह्या बापानं माहा मान त्या फिटरले देला, अन् तुले हासू येते?"

"अजून कोनाले काही देलं नाही," ती म्हने. "अन् तुमाले मान पाहिजे का मधुकरचं नाक कापलेलं पाहिजे, ते आधी ठरवा."

बायकोनं खरं बोलू नाही, निदान जेवताना तरी.

मले राहवलं नाही. उमेसाठी लोनच्याची बरनी घेतली, बैहरची बस धरली अन् उकव्याले उतरलो. मधुकरच्या क्वार्टरपुढं गुझी उघडी पडली होती, मागचं चाक काढलेलं. मी बरनी उमेच्या हाती देली अन् चाकाकडं पायलं. चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते ती जुनी चकती मातीत पडलेली, अन् चाकाले नवीच चकती बसवलेली. खदानीच्या जाड पत्र्यातून कापलेली, परातीएवढी.

आता सायकलवाल्याले हे सांगा लागत नाही. मागची चकती मोठी केली का गाडी ओझं वढते, चढ चढते, पन पळन्याचं नाव नाही. वाऱ्यासारखी गाडी, अन् या येड्यानं तिचा बैल करून टाकला. मधुकर चुकला. दोन वर्षात पयल्यांदा चुकला. मले इतका आनंद झाला का मी उमेले दुसरा चहा मांगितला.

सांगाले पाहिजे होतं का? काहून सांगू? त्यानं इचारलं होतं का?

अजून दोन गोष्टी दिसल्या. डावीकडच्या त्या उघड्या चाकावर तेलाच्या पिप्याच्या पत्र्याचं झाकन बसवलं होतं. अन् पुढच्या दांडीले, उजव्या अंगानं, एक पितळी कडी झाळलेली. मी म्हनलं, "हे कायले?"

उमा तोंडाले पदर लावून आत गेली. मधुकर म्हने, "लागन." मी समजलो, फुलाच्या माळा बांधाले असन. सजव बाप्पा, किती सजवतं ते सजव.

मी निघालो तर म्हने, "भाऊ, लग्नात तुमी धोतर नेसता का पायजामा?"

मले झोंबलं. "धोतर. आमी जुने लोक. काहून, धोतरवाल्याले बंदी हाय का?"

"नाही, नाही. इचारलं आपलं." अन् तो बसपर्यंत माह्यासंगं पायी आला. माह्या मागं मागं, माह्या पायाकडं पाहत. मले लंगड्याले कोनी पायाकडं पायलेलं खपत नाही. मी मुद्दाम जोरानं चाललो तर म्हने, "आरामानं चाला भाऊ, बस उभी हाय."

बालाघाटले आलो अन् सरळ दुलीचंदकडं गेलो. दुलीचंदचा टांगा, अन् त्याच्यापाशी एक पांढरी घोडी, नवरदेवाची. मी ती लग्नाच्या दिवसाले सांगून टाकली. माहा हिशेब साधा होता. किरनापुरात गुझी निघन, चार पावलं फुरफुर करन, पोरीकडचे लोक हासतीन, वसंताची मान खाली जाईन. तवा गर्दीतून कोन येईन? थोरला जवाई, घोडी घेऊन. पटील म्हननार, 'जवाईबापू, तुमी होते म्हून लाज राह्यली.' हे वाक्य मी दुकानात सायकली पुसता पुसता किती डाव ऐकलं, सांगता येत नाही.

चैताचं ऊन. किरनापूरले आमचा जानोसा, वऱ्हाडाचा उतारा, गावाबाहेरच्या आमराईत. उन्हं कलली तसे बँडवाले तयार झाले. एकीकडं गुझी, झेंडूच्या माळा घातलेली. दुसरीकडं माही घोडी, झूल घातलेली, अन् तिच्यापाशी तोंडात पान धरून दुलीचंद. पटलानं घोडी पायली, माह्याकडं पायलं. वसंता तर घोडीच्या अंगावरून पुढं गेला अन् गुझीवर टांग टाकून बसला. मुंडावळ्या, कट्यार, सारं घालून. मधुकरनं त्याले गाडी चालवाले शिकवलं होतं. स्वतः मधुकर बाजूले उभा, हात काळे, खांद्यावर पिशवी.

मी घोडीची दोरी घट्ट धरली. आता पाहा म्हनलं.

मधुकरनं लात मारली, इंजिन धकधक कराले लागलं. वसंतानं गेर टाकला, क्लच सोडला, अन् गाडी निघाली. हळू. इतकी हळू का झेंडूच्या माळाही हालल्या नाहीत. धक्का नाही, फुरफुर नाही, बंद पडनं नाही. बँडच्या मागं मागं ती अशी चालली, जशी शिकवलेली घोडी चालते. कोनी हासलं नाही. पोरीकडचं एक म्हातारं म्हने, "चाल तर पाहा."

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. ती चकती चूक नव्हती. वाऱ्यासारख्या गाडीचं पळनं त्यानं जानूनबुजून काढून टाकलं होतं, या एका वरातीसाठी. अन् मी उकव्याहून नाचत घरी आलतो.

माह्या हातात दोरी, दोरीले घोडी, अन् घोडीवर कोनी नाही. दुलीचंदनं थुंकून इचारलं, "अब घोड़ी का क्या करना है, भैया?" मले जमीन फाटन तर बरं असं झालं.

तेवढ्यात मधुकरनं हात वर केला. "थांबा, थांबा. आत्ता कुठी निघता? लगाम राह्यला."

बँड थांबला. त्यानं पिशवीतून लगाम काढला. लाल सुताचा, गोंडे लावलेला, उमेनं इनलेला. दांडीच्या त्या पितळी कडीत त्यानं तो अडकवला अन् दुसरं टोक घेऊन गर्दीतून सरळ माह्यापाशी आला.

"धरा भाऊ," म्हने. "घोड्याले डाव्या अंगानं धरतेत, ठाव हाय मले. पन डावीकडं ते चाक फिरते. झाकन लावलं, तरी तुमचं धोतर, भेव वाटते. म्हून कडी उजवीकडं लावली."

साऱ्या वरातीचं तोंड माह्याकडं. मी घोडीची दोरी दुलीचंदच्या हाती देली अन् लगाम धरला. नाही म्हनाले जागाच ठेवली नव्हती त्यानं.

वरात निघाली. मी पुढं, लगाम हातात, मागं गुझी. दहा-बारा पावलात एक गोष्ट ध्यानात आली अन् माहे कान तापले. बँडवाले माह्याहून जरा पुढं पुढं जात होते, पन गाडी नाही. गाडी ना माह्या अंगावर येय, ना लगाम तानला जाय. माहा डावा पाय जिथी अडकते तिथी ती बी थांबल्यावानी करे. उकव्याले तो माह्या मागं मागं काहून आलता, माह्या पायाकडं काहून पाहे, ते मले किरनापूरच्या भर बाजारात समजलं. ती चकती त्यानं घोड्याच्या चालीनं नाही कापली. माह्या चालीनं कापली होती.

मंडपापाशी पटलानं पागोटं बांधलं, शेला टाकला, हात जोडले. डोळ्यात पानी होतं त्यायच्या. मी जे जन्मभर मांगितलं ते सारं झालं. अन् मी पागोट्याखालून मधुकरले शोधून राह्यलो होतो. तो पार मागं, धुरात, वसंतानं काढून ठेवलेल्या जोड्यावरची धूळ फडक्यानं झाडून राह्यला होता, अन् हासून राह्यला होता.

जेवनानंतर सत्यभामा पाशी आली. "आता तरी निवलं का पोट?"

"नाही," मी म्हनलं. "आधी त्याच्या गाडीवर जळत होतो. गाडी एखाद्या दिवशी मलेही घेता आली असती. हे असं मन मी कुठून आनू, सांग."

तिनं माह्या खांद्यावरचा शेला नीट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत न्हावी पाहुन्यायची दाढी करून राह्यला होता. मी त्याच्यापुढं बसलो अन् म्हनलं, "मिशी उतरव."

त्याचा वस्तरा हवेतच राह्यला. आमच्यात मिशी उतरते ती बाप मेल्यावर. त्यानं हळूच इचारलं, "कोन गेलं, मालक?" पटील चहाची कपबशी ठेवून धावत आले. गोदाबाईनं तर रडाले तोंड उघडलं होतं.

"कोनी गेलं नाही," मी म्हनलं. "माहा एक शब्द होता. तू उतरव."

मिशी उतरली. आरशात पायलं तर माहा वठ कोन्या दुसऱ्या मानसाचा. मी तसाच उठलो अन् गुझीपाशी गेलो. मधुकर माळा सोडून राह्यला होता. त्यानं वर पायलं अन् त्याचं हासनं जागच्या जागी थांबलं. सांगतो तुमाले, त्या घडीले मले दोन वर्षात पयल्यांदा गार वाटलं. आता मी बी काही देलं होतं, जे त्याच्यापाशी नव्हतं. मधुकरले मिशीच नव्हती.

"भाऊ, हे काहून?" तो म्हने. "ते बोलनं तर माह्या याद बी नव्हतं."

खरं बोल्ला का खोटं, मले आजही समजलं नाही. खोटं बोल्ला असन तर त्याच्या मनाले तोड नाही. अन् खरं बोल्ला असन तर माही मिशी फुकट गेली.

मी उघड्या वठावरून हात फिरवला. "जुनी चकती कुठी हाय?"

"पिशवीत हाय."

"गाडी काढ. मले बालाघाटले घेऊन चाल."

सत्यभामाले अन् उमेले मी बैलगाडीत बसवून देलं अन् गुझीवर बसलो, पयल्यांदाच. अन् काय सांगू, ती पळेच ना. इंजिन बोंबलून राह्यलं, रस्ता सरकून नाही राह्यला. बालाघाट जवळ आलं तर उतारावर एक पोट्टा सायकलवर घंटी वाजवत आमच्या अंगावरून पुढं गेला. सायकल माह्याच दुकानातली, भाड्याची. मधुकर हासला. मी बी हासलो, थोडं.

दुकान उघडलं. गिऱ्हाइकायनं माह्या वठाकडं पायलं, मी कोनाले काही सांगितलं नाही. मधुकर पाना घेऊन चाकाशी वाकला तर मी त्याच्या हातून पाना घेतला. "बस तू. चहा घे." परातीएवढी चकती काढली, जुनी बसवली, चेन चढवली, चाक सरळ केलं. लाल लगाम त्याले देला नाही, दुकानात खिळ्याले टांगला. तो गाडी चालू करून निघाला अन् टेशनच्या वळनावर दिसेनासा झाला, पयल्यावानी, वाऱ्यासारखा.

पन चेन अजिबात वाजली नाही. त्यानं बसवली होती त्याहून सरळ बसली. इचारा त्याले.